लहानूची गिऱ्हाइकं

नाशिकला गंगापूर रोडवरच्या घरात ज्योत्स्नाबाई आता निवांत असतात. नोकरी संपून बरीच वर्षं झाली. पण शेजारची एखादी मुलगी इंग्रजीचं पुस्तक घेऊन आली आणि मोठ्यानं ‘अफ्रेड ऑफ’ म्हणाली, की बाईंच्या नाकात सुक्या बोंबलांचा वास शिरतो. ‘अँग्री विथ’ म्हटलं की तंबाखूचा, आणि बाई हसतात. मुलगी विचारते, आजी, हसता कशाला? त्याचं उत्तर द्यायचं तर बाईंना थेट हरसूलच्या आठवडी बाजारात जाऊन उभं राहावं लागतं, तेही सत्त्याण्णव सालच्या.

तेव्हा बाई हरसूलकडच्या एका शाळेत दहावीला इंग्रजी शिकवायच्या. नाशिकहून सकाळची पहिली एसटी धरायची, त्र्यंबक मागं टाकून घाट उतरायचा, आणि शाळेची घंटा व्हायच्या आत वर्गात शिरायचं. डब्यातली पोळी गार, पायातल्या चपला लाल. त्याचं त्यांना काही वाटत नसे. वाटायचं ते सरिताचं.

सरिता म्हणजे साळूबाई आणि सोमाची थोरली लेक. डोंगराच्या कडेला त्यांची नागलीची थोडी जमीन. पावसाळा सरला की सोमा टोळीबरोबर दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागेवर जायचा, छाटणीपासून थेट तोडणीपर्यंत. पोरगी हुशार. दहावीला गणितात पंचाहत्तर, बाकी सगळं सुटलं, पण इंग्रजीत एकोणतीस. पुढच्या ऑक्टोबरला ती बापाबरोबर बागेवर होती, म्हणून परीक्षेला बसलीच नाही. मार्चला बसली, तर एकतीस. पासाला पस्तीस लागत. तिला नर्स व्हायचं होतं. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं तिला सांगून ठेवलं होतं, की दहावीचा कागद आण, नाशिकच्या कोर्सचा अर्ज मी भरून देते.

सोमा वाईट माणूस नव्हता. त्यानं शाळेत येऊन, टोपी हातात धरून, बाईंना साफ सांगितलं, “बाई, ही एक खेप घ्या. ऑक्टोबरला झाली पास तर झाली. नाय झाली, तर पुढं मी ऐकायचो नाय. बागेवर चलंल माझ्यासंगं, आन उन्हाळ्यात लगीन लावून देईन. पोरीला कुठवर बसवून ठेवू?”

बाई म्हणाल्या, “होईल ती.” म्हणाल्या खऱ्या, पण मनात धाकधूक होती. कारण सरिता कुठं अडते ते त्यांना ठाऊक होतं. धडा तिला कळायचा, पत्र ती नीट लिहायची. सगळी माती व्हायची ती त्या एका प्रश्नात. गाळलेल्या जागा. एखाद्या गुणवाचक शब्दापुढं कोणता छोटा शब्द यायचा, ते भरायचं. दोन्ही खेपांना तिनं तिथं भोपळा घेतला होता.

“बाई,” सरिता म्हणायची, “राग माणसावर येतो. मग ‘अँग्री ऑन’ का नाय?”

“इंग्रजीत ‘अँग्री विथ’ म्हणतात.”

“म्हणजे माणसाबरोबर? ज्याच्यावर रागवायचं त्याच्याच बरोबर बसायचं?”

“तसंच समज.”

“आन कुत्र्याला भ्यायचं, तर ‘अफ्रेड टू’ का नाय? कुत्र्याचं ‘ऑफ’ कुठून आलं?”

“अगं, तसंच असतं ते. पाठ कर.”

“पण का, बाई?”

ज्योत्स्नाबाईंच्या शिक्षिकेनंही त्यांना पाठच करायला लावलं होतं. चाळीस जोड्यांची यादी त्यांनी सरिताला लिहून दिली. पोरीनं ती शेळ्यांमागं फिरताना घोकली, दळताना घोकली, घडाघडा म्हणून दाखवली. आणि कागद समोर आला की सगळं एकात एक. ज्याला कारण नाही ते तिच्या डोक्यात टिकायचं नाही, असा तिचा पिंड. शिकवणाऱ्याला असा पिंड आवडतो, पण परीक्षेला त्याचा काय उपयोग?

श्रावणातल्या एका बाजाराच्या दिवशी बाई नेहमीप्रमाणं एसटीच्या आधी साळूबाईकडं गेल्या. साळूबाई गोणपाटावर नागली, वरई आणि गावरान अंडी मांडून बसायची. उंचीनं बेताची, कपाळावर गोंदण, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं हसावं की वरमावं ते कळू नये.

अंडी पिशवीत ठेवता ठेवता तिनं विचारलं, “माझी पोर अडते कुठं, बाई? मला अडाणीला कळंल असं सांगा.”

बाई उकिडव्या बसल्या. म्हणाल्या, “हे बघ साळूबाई, इंग्रजीत काही शब्द असतात. त्यांच्या मागून एक छोटा शब्द येतो. ज्याचा त्याचा ठरलेला. दुसरा चालत नाही. आणि तोच का, हे कुणाला सांगता येत नाही.”

“यवढंच?” साळूबाई हसली. “आवं, हा तर बाजार झाला.”

“म्हणजे?”

“तो मिशीवाला सावळीराम बघा. बाजारात मीठवाले किती? तीन. पर सावळीराम मिठाला लहानूकडंच जाणार, तिकडं चिंचंखाली. का? तर त्याचा बाप जायचा. बाप का जायचा? ते आता चिंचंला इचारा.” तिनं बाईंच्या पिशवीकडं बोट केलं. “आन तुमी? अंडी समोरच्या आळीत पन हायेत, वर चार आणं सस्त. तुमी माझ्याकडं का येता?”

“सवय झाली.”

“हां! मंग इंग्रजाला पन सवय झाली आसंल. त्यात पोरीनं ‘का, का’ करायचं काय कारन? उद्या तिला म्हनावं, सावळीराम लहानूकडं का जातो, ते आधी सांग.”

बाईंच्या शेजारी एक रिकामी जागा होती, मधोमध मुठीएवढा काळा दगड. इतकी गर्दी, पण तिथं कुणी पाय ठेवत नव्हतं. बाईंनी विचारलं.

“बुरुडाची जागा. लेकीच्या बाळंतपणाला गेलाय. दगड ठिवला ना, जागा त्याची. म्हैना होऊ दे, नायतर दोन. आमी बागेवर जातो तवा पन दगडच ऱ्हातो. कुनी बसत नाय.”

“आणि कुणाची जागा कोणती, हे लिहून कुठं असतं?”

“लिवायचं काय त्यात?” साळूबाईनं कपाळाच्या गोंदणावर बोट टेकवलं. “हितं.”

त्या दिवशी एसटीत बाईंना खिडकीतून घाट दिसला नाही. सबंध वाट त्यांच्या डोळ्यांपुढं बाजारच होता. बावीस वर्षं त्यांनी इंग्रजी शिकवलं होतं, आणि त्या भाषेचं मर्म त्यांना एका अंडी विकणारीनं चार आण्यांच्या गोष्टीत सांगितलं होतं.

पुढच्या बाजाराला त्यांनी सरिताला हाताला धरून बाजारात नेलं. वहीत आळ्या काढल्या, चिंच काढली, विहीर काढली, आणि एकेका दुकानदाराला एकेक छोटा शब्द वाटून टाकला. चिंचेखालचा लहानू, मीठ आणि सुकट-बोंबील विकणारा, तो ‘ऑफ’. त्याच्याकडं सगळ्यात जास्त गर्दी, आणि ‘ऑफ’कडंही. विहिरीच्या वाटेवरची तानुबाई तंबाखूवाली ‘विथ’. तिच्या मागं भाता घेऊन बसणारा केरू लोहार ‘ॲट’. मग गिऱ्हाइकं. मिशीला पीळ देत येणारा सावळीराम म्हणजे ‘प्राउड’, तो लहानूकडं. बैल दिसला की लुगडं सावरून पळणारी नवसाबाई म्हणजे ‘अफ्रेड’, तीही सुकटीसाठी लहानूकडंच. कायम कुणावर तरी डाफरणारा धोंडीराम ‘अँग्री’, त्याला तंबाखू लागायची तानुबाईची. आणि लाकूड कोरणारा चंदर, ज्याच्या हातात कसब होतं, तो ‘गुड’, सुरीला धार लावायला केरूकडं.

“आन मी?” साळूबाईनं विचारलं.

“तू ‘इन’,” बाई म्हणाल्या.

“माझं गिऱ्हाईक कोन?”

सरिता हसून म्हणाली, “बाई. त्या ‘इंटरेस्टेड’. सस्त सोडून तुझ्याकडं येतात.”

बाजारभर ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. लहानू मीठ मापताना म्हणायचा, “या, या, आमी हाफ!” धोंडीरामला कुणीतरी त्याच्या शब्दाचा अर्थ सांगितला, तसा तो तरातरा साळूबाईकडं आला. “मी रागीट? मी? कोन म्हनतं?” तो एवढ्या मोठ्यानं ओरडला, की अर्धा बाजार हसून लोळला. साळूबाई शांतपणे म्हणाली, “नाय भाऊ, तुमी लय गरीब. जा, तंबाखू घ्या, तानू वाट बघती.”

सरिताचं मात्र कामच झालं. ‘का’ विचारणं थांबलं. कोण कुठं जातं एवढंच आता तिला बघायचं होतं, आणि ते तर ती जन्मल्यापासून बघत आली होती. बाईंनी घेतलेल्या चाचणीत दहातल्या आठ जागा बरोबर आल्या. मग नऊ.

आणि नेमकं गणपती झाल्यावर बाजाराचं मैदान दुरुस्तीला निघालं. पावसात तिथं घोटाघोटा चिखल व्हायचा, म्हणून मुरूम टाकून सपाट करायचं ठरलं. चांगलंच होतं ते. तेवढे दोन-तीन महिने बाजार शाळेमागच्या माळावर हलला. तिथं जो आधी आला तो पुढं बसला. परीक्षेला पंधरा दिवस राहिले असताना बाईंनी पुन्हा चाचणी घेतली, तर दहापैकी तीन.

“सरिता, ‘प्राउड’पुढं ‘विथ’?”

“सावळीराममामा काल तानुमावशीजवळ उभा होता, बाई.”

“अगं, पण लहानू?”

“लहानूकाका कुनाला सापडतच नाय. तो पार पाण्याच्या टाकीमागं बसलाय. नवसामावशीनं सुकट दुसरीकडून घेतली.” तिचे डोळे भरले होते. “बाई, डोळं मिटलं की कधी ह्यो बाजार दिसतो, कधी त्यो. कोन कुठं गेलं तेच कळंना.”

अशी चूक जगात दुसऱ्या कुठल्या मुलीनं केली नसेल. बाईंना हसू यायला हवं होतं, पण त्या दसऱ्याला उरलेले दिवस मोजत बसल्या. सोमा दसरा झाला की टोळीबरोबर जाणार होता. जाताना तो लेकीचा काय निकाल मनात धरून जाणार, ते त्यांना दिसत होतं.

साळूबाईला कळलं तेव्हा ती म्हणाली, “उद्या सकाळी दोघी जुन्या बाजारात या.”

सकाळी तिथं ट्रॅक्टर उभा होता. निम्म्या मैदानावर लाल मुरूम पसरून झाला होता. उरलेल्या निम्म्यात चिखल, गवत, आणि त्या गवतात जागोजाग बसलेले काळे दगड. ज्याचे त्याचे. माळावर जाताना कुणीही आपला दगड उचलून नेला नव्हता.

ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉली मागं घ्यायला सुरुवात केली, तशी साळूबाई आडवी गेली. “ए भाऊ, जरा थांब. पोरीचा इंग्रजीचा पेपर हाय.”

“इथं?” तो बिचारा इकडंतिकडं बघू लागला.

“तुला तंबाखू देते. तू आपला बस.”

तो बसला. साळूबाईनं सरिताचा हात धरला आणि पहिल्या दगडापाशी नेलं. “हे कोन?”

“बुरूडकाका.”

“म्होरं?”

मग साळूबाई चालतच राहिली. बाई मागं मागं. जिथं मुरूम पडून सगळं पुसलं गेलं होतं, तिथंही ती अडखळली नाही. चिंचेपासून पावलं मोजायची, थांबायची, पायानं लाल मातीवर रेघ ओढायची. हा गूळवाला. ही बांगडीवाली, तिची सासू आधी पलीकडं बसायची. हा कुंभार, याचा दगड चौकोनी. दीडेकशे जागा असतील. बाईंनी वही काढली आणि जे ती म्हणेल ते नकाशात भरत गेल्या, त्यांचा हात पुरेना.

चिंचेखाली साळूबाई उभी राहिली. “हितं लहानू. ह्याच्याकडं कोन? प्राऊड. अफरेड. फोंड. टायड.” बोटांवर मोजत मोजत तिनं सगळी गिऱ्हाइकं म्हणून दाखवली. “तानूकडं अंगरी आन पिलीज. केरूकडं गूड आन ब्याड. चुकलं का, बाई?”

बाईंनी वहीत एकेक जोडी ताडून पाहिली. साळूबाईला सही येत नव्हती, अंगठा उठवायची. पोरगी घरी घोकायची आणि ही चुलीपाशी भाकरी थापत ऐकायची, एवढंच तिचं शिक्षण. चाळीसच्या चाळीस जोड्या तिनं बाजारात बसवून ठेवल्या होत्या, एकही इकडची तिकडं नाही.

“नाही चुकलं,” बाई म्हणाल्या.

साळूबाई लेकीकडं वळली. “मानसं माळावर गेली म्हनून जागा गेली का? दगड कुठं हाय? हितंच ना? सावळीराम आज तानूकडं उभा दिसंल, उद्या आनखी कुठं. तू मानूस बघू नको, दगड बघ.”

सरिता डोळे मिटून उभी राहिली. मग एकटीच चालू लागली, ओठ हलवत, एका दगडावरून दुसऱ्याकडं. ट्रॅक्टरवाला तंबाखू मळायची विसरून तिच्याकडं बघत बसला होता.

परीक्षेचं केंद्र त्र्यंबकला होतं. बाई रजा काढून तिथं फाटकाशी थांबल्या. सरिता बाहेर आली ती बाईंकडं न बघता चप्पल शोधत राहिली. बाईंना राहवेना.

“गाळलेल्या जागा कशा गेल्या?”

“चिंचंखाली गर्दी होती, बाई,” ती म्हणाली. “तीन जन उभं होतं.”

तेवढ्यावर त्यांना समाधान मानावं लागलं. साळूबाई दुसऱ्याच दिवशी गोणपाट गुंडाळून सोमाच्या मागं बागेवर गेली. सरिता आजीजवळ राहिली, निकाल लागेपर्यंत. तो काय लागतो यावर तिनंही बागेची वाट धरायची की नाही, ते ठरायचं होतं.

निकालाचे कागद मार्गशीर्षात शाळेत आले. त्या दिवशी बाजार होता, आणि मुरूम टाकून झालेल्या मैदानावरचा तो पहिलाच बाजार. शाळेच्या कारकुनानं पाकीट फोडून सरिताची गुणपत्रिका बाईंच्या हातात दिली. बाईंनी इंग्रजीची ओळ आधी शोधली. अठ्ठेचाळीस. त्यांनी ती ओळ तीनदा वाचली, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली, आणि तशाच बाजाराकडं निघाल्या.

लांबूनच गलका ऐकू आला. मैदान कसं ताटासारखं सपाट झालं होतं, आणि दगड सगळे मुरमाखाली. चिंचेची सावली आपलीच, असं चौघं म्हणत होते. बांगडीवालीची पाटी गूळवाल्यानं सरकवली होती. लहानू मिठाचं पोतं खांद्यावर घेऊन नुसता उभा, कारण खाली ठेवायला त्याला जागाच नव्हती. आणि ज्या एका बाईच्या कपाळात सगळा बाजार होता, ती तिकडं दिंडोरीला द्राक्षाच्या वेलाखाली.

गर्दीच्या मधोमध सरिता उभी होती. हातात बाईंनी परीक्षेआधी दिलेली ती नकाशाची वही.

“तुला काय ठावं गं, कालची पोरगी तू!” धोंडीराम तिच्यावर ओरडत होता.

“धोंडूमामा, तुमी अँग्री,” सरिता म्हणाली. “तुमची तंबाखू तानुमावशीकडं. तानुमावशी विहिरीच्या वाटेवर, चिंचंपासून बावीस पावलं. तिच्या मागं केरूमामाचा भाता. चला, मोजून दावते.”

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. हसता हसता भांडणाचं कसं काय झालं, कळलंच नाही. सरिता पावलं मोजत पुढं, आणि मागून पाट्या, पोती, टोपल्या घेतलेली माणसं. ती थांबून नाव घ्यायची, त्या नावाचं माणूस खाली बसायचं. काठावरच्या कुणाकुणाची एखाद्या पावलाची कुरबूर झाली, पण वही उघडून दाखवली की मिटली. “बाईंनी लिवलंय,” लोक म्हणत. बाईंनी नुसतं लिहिलं होतं. सांगितलं कुणी, ते त्या पोरीला आणि बाईंना माहीत होतं. लहानूनं चिंचेखाली पोतं टेकवलं आणि पहिलं मीठ कुणाला द्यावं? सावळीराम मिशीला पीळ देत पुढ्यात हजर होता.

बाई वाट काढत तिच्यापर्यंत पोचल्या. गुणपत्रिका पदराखाली धरली होती. “सरिता, अगं इकडं बघ. झालीस तू. अठ्ठेचाळीस!”

सरितानं मान वर केली. चेहरा घामानं आणि मुरमाच्या धुळीनं लाल झाला होता. हात पुढं आला, कागदापर्यंत आला, आणि तिनं तो मागं घेतला.

“थांबा, बाई. एक जागा ऱ्हायलीय.”

बुरुडाच्या डाव्या अंगाला ती चार पावलं मोजून गेली. रस्त्याकडंच्या खडीतून तिनं एक काळा दगड शोधून आणला, ओढणीनं पुसला, आणि सपाट मुरमावर मधोमध ठेवला. तोवर मागून येणाऱ्या एका नव्या भाजीवाल्यानं तिथं आपली पाटी टेकवायला घेतली होती.

“काका, तिथं नका बसू,” ती त्याला म्हणाली. “आईची जागा हाय. ती बागेवर गेलीय.”

मग तिनं हात आपल्या कपड्यांना पुसले आणि कागद घेतला.